आकडा उतरला, पण ताण उतरला का?

वाचकाचे पत्र : "मी अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून नुकतीच काम करू लागले आहे. न्यूमोनियामुळे दोन्ही फुप्फुसे कडक झालेला, १७४ सेंटिमीटर उंचीचा एक पुरुष रुग्ण माझ्याकडे आहे. पहिले दोन दिवस तो गाढ सिडेशनखाली (गुंगीच्या औषधाखाली), व्हॉल्यूम कंट्रोलवर (प्रत्येक श्वासात ठरलेली हवा यंत्रच देते त्या पद्धतीवर) होता : टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ४२० मिली आणि सेंटिमीटर पाण्यात मोजलेले दाब असे : पीप (श्वास सोडल्यावरही श्वासमार्गात राखलेला दाब) १०, पीक प्रेशर (श्वासातला सर्वोच्च दाब) ३१, प्लॅटो प्रेशर (हवेचा प्रवाह थांबवून मोजलेला दाब) २६. तिसऱ्या दिवशी सिडेशन कमी केले, तो स्वतः श्वास ओढू लागला आणि तेच ४२० मिली देताना पीक प्रेशर २२ वर आले. सायंकाळी त्याला प्रेशर सपोर्टवर (रुग्ण ओढेल त्या श्वासाला यंत्र ठरलेल्या दाबाची जोड देते त्या पद्धतीवर) घेतले : पीप ८ आणि त्यावर १२ चा सपोर्ट. पडद्यावरचा दाब २० च्या वर जाईना, टायडल व्हॉल्यूम मात्र ५६० च्या आसपास येऊ लागले. फुप्फुसे सुधारत आहेत असे मला वाटले. रात्री आलेल्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरचे एक बटण क्षणभर दाबून धरले. आधी हेच बटण दाबल्यावर आकडा ३१ वरून २६ वर उतरत असे. या वेळी तो २० वरून २९ वर चढला. डॉक्टरांनी सिडेशन पुन्हा वाढवायला सांगितले आणि ते घाईने दुसऱ्या रुग्णाकडे गेले. यंत्रात काही बिघाड होता का? रुग्णाने स्वतः श्वास घेणे फुप्फुसांना अधिक मानवते असे मी शिकले, ते चूक आहे का? आणि अशा रुग्णाजवळ असताना मी नेमके कशावर लक्ष ठेवावे?"

सप्रेम नमस्कार.

यंत्रात बिघाड नव्हता. दिवसभर जे पडद्यावर दिसत नव्हते, तेच त्या एका क्षणात दिसले. तुमच्या रुग्णाचे उपचार ठरवण्याचा अधिकार त्याच्या डॉक्टरांचा आहे आणि मी दुरून त्यात हात घालणार नाही. परंतु तुम्ही दिलेले आकडे इतके बोलके आहेत, की त्यांच्याच आधाराने तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतील.

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर दिसणारा दाब हा श्वासमार्गाच्या तोंडाशी, यंत्राच्या नळ्यांमध्ये मोजलेला दाब असतो. फुप्फुस किती ताणले जाते हे केवळ या दाबावरून ठरत नाही. ते ठरते वायुकोशांच्या आतला दाब आणि फुप्फुसाच्या बाहेरचा, म्हणजे फुप्फुसावरणाच्या पोकळीतला दाब, यांच्यातील फरकावरून. या फरकाला ट्रान्सपल्मनरी प्रेशर म्हणतात. आपण शांत बसून श्वास घेतो तेव्हा फुप्फुसाबाहेरचा दाब उणे ५ सेंटिमीटर पाण्यापासून उणे ८ च्या आसपास उतरतो, वायुकोशांतला दाब जेमतेम उणे १ होतो आणि तेवढ्यावर सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. म्हणजे निरोगी माणसाचे फुप्फुस बाहेरून ओढले जाऊन फुगते. पूर्ण नियंत्रित व्हेंटिलेशनमध्ये सगळे उलट होते. श्वासपटल स्वस्थ असते, यंत्र हवा आत ढकलते, वायुकोशांतला दाब वाढतो आणि फुगणारे फुप्फुस छातीच्या भिंतीला बाहेर रेटत असल्यामुळे फुप्फुसाबाहेरचा दाबही चढतो. दोन्ही प्रकारांत फुप्फुस ताणलेच जाते; फरक इतकाच, की एकात ओढ असते आणि दुसऱ्यात रेटा.

आता रुग्ण श्वास ओढत आहे आणि यंत्र त्याला साथ देत आहे, अशी स्थिती घ्या. चढावर नेल्या जाणाऱ्या गाड्याला एक माणूस मागून ढकलतो आणि दुसरा पुढून दोरीने ओढतो. ढकलणाऱ्याच्या हातांवरचा जोर मोजण्याचे साधन आपल्याकडे आहे, ओढणाऱ्याच्या दोरीवरचा ताण मोजण्याचे नाही. ढकलणाऱ्याचा जोर कमी झालेला दिसला म्हणून चढ कमी झाला असे आपण म्हणणार नाही. व्हेंटिलेटरचा पडदा फक्त ढकलणाऱ्याचा जोर दाखवतो. रुग्णाच्या स्नायूंची ओढ त्यात मिळवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

हा हिशेब तसा सोपा आहे. यंत्राने पीपच्या वर दिलेला दाब आणि रुग्णाच्या स्नायूंनी निर्माण केलेला दाब यांची बेरीज दोन कामांवर खर्च होते : नळी आणि श्वासनलिका यांतून हवा वाहवण्यावर आणि फुप्फुस व छाती फुगवण्यावर. हवा वाहणे थांबले की पहिला खर्च शून्य होतो. म्हणूनच व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये श्वासाच्या शेवटी झडपा क्षणभर बंद केल्यावर दाब ३१ वरून २६ वर उतरत असे : ते ५ सेंटिमीटर केवळ प्रवाहाच्या अडथळ्याचे होते. उरलेल्या २६ मधून पीपचे १० वजा केले की १६ उरतात आणि हे १६ म्हणजे ४२० मिली हवा सामावून घेण्यासाठी लागलेला दाब, ज्याला ड्रायव्हिंग प्रेशर म्हणतात. ४२० भागिले १६ म्हणजे प्रत्येक सेंटिमीटर दाबाला सुमारे २६ मिली. फुप्फुसांच्या लवचीकतेचा हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचीच साक्ष काढायची आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी रुग्ण ओढू लागला तेव्हा व्हॉल्यूम आणि प्रवाह दोन्ही यंत्रानेच ठरवलेले होते. त्याने कितीही ओढले तरी त्या श्वासात त्याला ४२० मिलीच मिळणार होते. एकूण लागणारा दाब तोच, ३१. पडद्यावर २२ दिसले, याचा अर्थ उरलेले ९ रुग्णाच्या स्नायूंनी पुरवले. तुम्ही त्या वेळी दाबाच्या आलेखाकडे पाहिले असेल, तर एरवी तिरकस वर चढत जाणारी रेषा मध्येच खाली खचल्यासारखी दिसली असेल. रुग्ण यंत्राकडून मिळणाऱ्या प्रवाहापेक्षा अधिक हवा मागत असल्याची ती खूण असते. फुप्फुसांचा ताण मात्र जसाच्या तसा होता. ३१ चे २२ झाले म्हणजे सुधारणा झाली, असे नाही आणि बिघाड झाला, असेही नाही. कामाची वाटणी बदलली, एवढेच.

सायंकाळी पद्धत बदलली आणि इथे खरी गोम आहे. प्रेशर सपोर्टमध्ये यंत्र दाब ठरवते, व्हॉल्यूम नव्हे. रुग्णाने ट्रिगर केले, म्हणजे ओढ सुरू करून यंत्राचा श्वास चालू केला, की यंत्र दाब पीपच्या वर १२ पर्यंत नेते आणि प्रवाह त्याच्या उच्चांकाच्या साधारण चौथ्या हिश्शावर उतरेपर्यंत तो तिथेच ठेवते. रुग्णाने जोरात ओढले तर यंत्र दाब खचू देत नाही, उलट अधिक प्रवाह पुरवते. त्यामुळे पडद्यावरचा आकडा २० वर स्थिर राहतो आणि रुग्णाची सगळी ओढ वाढलेल्या व्हॉल्यूमच्या रूपाने फुप्फुसांत उतरते. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये रुग्णाची ओढ निदान पडद्यावरचा दाब खाली खेचून स्वतःची चाहूल देते. प्रेशर सपोर्टमध्ये दाबाच्या रेषेवर तिचा मागमूस राहत नाही. 'दाब मर्यादित आहे, म्हणजे फुप्फुसे सुरक्षित आहेत' हा समज अनुभवी मंडळींमध्येही आढळतो आणि माझ्या मते अतिदक्षता विभागातील धोकादायक समजांपैकी तो एक आहे. यंत्राचा दाब मर्यादित असतो. फुप्फुसावर येणाऱ्या ताणाला तशी कोणतीही मर्यादा नसते.

आता ते बटण. श्वास आत घेतल्यानंतर झडपा बंद करून ठेवण्याचे, म्हणजे इन्स्पिरेटरी होल्डचे ते बटण होते. झडपा बंद होतात, हवा आतच अडकते, रुग्णाचे श्वासपटल काही क्षणांत सैल पडते. जी हवा आतापर्यंत यंत्राच्या रेट्याने आणि स्नायूंच्या ओढीने मिळून सांभाळली जात होती, तिचा सगळा भार आता बंद नळ्यांतल्या दाबावर येतो आणि आजवर लपलेला स्नायूंचा वाटा आकड्याच्या रूपाने वर येतो. २० चे २९ झाले, म्हणजे हा वाटा ९ होता. २९ मधून पीपचे ८ वजा केले की २१ उरतात. ५६० मिली भागिले २१ म्हणजे सुमारे २७. दोन दिवसांपूर्वी हाच आकडा २६ होता. फुप्फुसांचा कडकपणा जवळजवळ तेवढाच राहिला होता, त्यांच्यावरचा ताण मात्र १६ वरून २१ वर गेला होता आणि त्याच काळात पडद्यावरचा आकडा ३१ वरून २० वर उतरला होता. डॉक्टरांना जे कळले ते हेच.

या चाचणीला एक अट आहे. बटण दाबून धरल्यावर दाबाची रेषा वर जाऊन काही काळ सपाट राहिली पाहिजे. रुग्ण पोटाचे स्नायू आवळून हवा बाहेर ढकलू पाहत असेल, तर रेषा चढत राहते आणि आकडा खोटा फुगतो. तो पुन्हा ओढू लागला, तर रेषा लगेच खचते. अशा वेळी वाचन सोडून द्यावे आणि थोड्या वेळाने पुन्हा घ्यावे.

दुसरा एक मार्ग श्वास सोडून झाल्यावर झडप बंद करण्याचा आहे. रुग्ण बंद झडपेविरुद्ध एकदा ओढतो आणि दाब पीपच्या खाली जेवढा उतरतो, त्याच्या सुमारे पाऊणपट स्नायूंचा जोर धरतात. तुमच्या रुग्णात ही घसरण १२ च्या आसपास मिळाली असती, तर पुन्हा ९ हाच आकडा आला असता. अनेक व्हेंटिलेटर ओढ सुरू झाल्यावरच्या पहिल्या दशांश सेकंदातील घसरणही आपोआप दाखवतात. ती ४ च्या वर राहू लागली, की मेंदूकडून येणारी श्वासाची मागणी फार वाढली आहे असे समजावे. सर्वांत थेट मोजमाप अन्ननलिकेत बारीक फुगा ठेवून होते, कारण तिथला दाब फुप्फुसाबाहेरच्या दाबाच्या पाठोपाठ हलतो. मात्र ती सोय आणि सवय सगळीकडे नसते.

इथे एक शंका साहजिक आहे : ९ सेंटिमीटरची ओढ फार आहे का? नाही. ५ ते १० एवढा स्नायूंचा जोर सहसा योग्यच मानला जातो आणि अनेक रुग्णांत तो हवाहवासा असतो. तुमच्या रुग्णाची ओढ बेताची होती आणि यंत्राचा सपोर्टही बेताचा होता. कडक फुप्फुसांना त्या दोहोंची बेरीज झेपणारी नव्हती. पद्धतीच्या नावावरून सौम्य-कठोर ठरवता येत नाही, ते याचसाठी.

फुप्फुसाला इजा ताणाने होते, श्वासमार्गातल्या दाबाने नव्हे, याला प्रयोगाचा जुना आधार आहे. १९८८ साली ड्रेफस आणि सोमोन या संशोधकांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगात एका गटाला मोठा दाब देऊन मोठे व्हॉल्यूम दिले, दुसऱ्या गटाच्या छाती-पोटाला पट्टे आवळून तेवढाच मोठा दाब दिला, पण फुप्फुसे फारशी फुगू दिली नाहीत आणि तिसऱ्या गटाला लोहफुप्फुसासारख्या पेटीत ठेवून बाहेरून ओढ देत मोठे व्हॉल्यूम घेऊ दिले. फुप्फुसांत पाणी झाले ते पहिल्या आणि तिसऱ्या गटात. ज्यांच्या श्वासमार्गात मोठा दाब होता, पण छाती आवळलेली होती, त्यांची फुप्फुसे वाचली. ज्यांच्या श्वासमार्गात वाढीव दाब मुळीच नव्हता, पण ओढ मोठी होती, त्यांची वाचली नाहीत. ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या तोंडातला दाब १५० सेंटिमीटर पाण्यापर्यंत पोहोचू शकतो आणि त्याचे फुप्फुस फाटत नाही, कारण तो दाब त्याच्या छातीचे स्नायूच बाहेरून निर्माण करत असतात. आत-बाहेरचा फरक मर्यादितच राहतो. व्हॉल्यूम मर्यादित ठेवण्याचा आजचा शिरस्ता २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीने पक्का झाला. त्या चाचणीत एआरडीएसच्या (दोन्ही फुप्फुसांना सूज येऊन श्वसन निकामी होण्याच्या तीव्र विकाराच्या) ८६१ रुग्णांपैकी एका गटाला उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या प्रत्येक किलोमागे ६ मिली आणि दुसऱ्याला १२ मिली असे व्हॉल्यूम देण्यात आले; मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ३१.० टक्के आणि ३९.८ टक्के आले. १७४ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन सुमारे ७० किलो येते. तुमच्या रुग्णाचे ४२० मिली म्हणजे नेमके ६ मिली प्रतिकिलो आणि ५६० म्हणजे ८. त्या वेळी प्लॅटो ३० च्या आत ठेवण्याचा दंडक होता आणि आजही तो पाळला जातो. ड्रायव्हिंग प्रेशर १५ च्या आत असावे, हा निकष २०१५ नंतर रूढ झाला. दोन्ही निकष प्रामुख्याने स्वतः ओढ न घेणाऱ्या रुग्णांच्या आकड्यांवर उभे आहेत, त्यामुळे श्वास ओढणाऱ्या रुग्णाच्या पीक प्रेशरला ते लावणे म्हणजे चुकीच्या मापाने मोजणे होय.

रुग्णाच्या ओढीचे आणखी तीन परिणाम तुम्हाला माहीत असावेत. पहिला : ओढताना फुप्फुसाबाहेरचा दाब खाली जातो, त्यामुळे छातीतल्या रक्तवाहिन्यांच्या आतला आणि बाहेरचा दाबफरक वाढतो आणि आधीच गळक्या झालेल्या केशवाहिन्यांतून वायुकोशांत अधिक पाणी झिरपू शकते. तुमच्या रुग्णाचा ढोबळ अंदाज केला आणि एकूण कडकपणात छातीच्या भिंतीचा वाटा पाचव्या हिश्शाचा धरला, तर नियंत्रित श्वासात फुप्फुसाबाहेरचा दाब सुमारे ३ ने वर जात होता आणि प्रेशर सपोर्टमध्ये तो सुमारे ५ ने खाली जात होता. दुसरा : आजारी फुप्फुस सर्वत्र सारखे ताणले जात नाही. पाठीकडचा भाग घट्ट झालेला असतो आणि श्वासपटलाची ओढ तिथेच अधिक लागते. योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले, की अशा वेळी श्वासाच्या सुरुवातीला पुढच्या भागातील हवा आतल्या आत पाठीकडच्या भागात सरकते. एकूण टायडल व्हॉल्यूममध्ये याची नोंदच होत नाही, तरीही तो भाग जास्तीचा ताणला जातो. तिसरा परिणाम डोळ्यांना दिसतो. व्हॉल्यूम असिस्टमध्ये, म्हणजे रुग्णाने ओढल्यावर यंत्र ठरलेले व्हॉल्यूम देते त्या पद्धतीत, यंत्राचा श्वास संपला तरी रुग्णाची ओढ चालूच असेल, तर हवा बाहेर जाण्याआधीच दुसरा श्वास ट्रिगर होतो. ४२० वर ४२०, म्हणजे ८४० मिली : ७० किलोच्या हिशेबाने १२ मिली प्रतिकिलो, म्हणजे २००० सालच्या चाचणीत हरलेल्या गटाचे व्हॉल्यूम. अधूनमधून एखादा असा श्वास आला तर घाबरू नका, परंतु मिनिटाला अनेकदा येत असेल तर तो नोंदवून लगेच कळवा. गाढ सिडेशनमध्येही हे घडू शकते, कारण यंत्राचा रेटाच काही वेळा श्वासपटलाच्या आकुंचनाला चेतवतो. म्हणून 'रुग्ण झोपलेला आहे, म्हणजे तो ओढत नाही' असे गृहीत धरू नये.

इतके वाचून तुम्हाला वाटेल, की मग रुग्णाला पूर्ण नियंत्रित ठेवणेच बरे. तसे नाही आणि तुम्ही जे शिकलात ते चूकही नाही. श्वासपटल हा स्नायू आहे आणि काम बंद झाले की तो आश्चर्यकारक वेगाने वितळतो. मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे नमुने तपासून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १८ ते ६९ तासांच्या संपूर्ण निष्क्रियतेनंतर स्नायूतंतूंचे छेदक्षेत्र निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. पुढे व्हेंटिलेटर सुटण्यास होणाऱ्या विलंबाचे एक मोठे कारण इथे असते. शिवाय स्नायू शिथिल असताना यंत्राची हवा सोपी वाट धरून फुप्फुसाच्या पुढच्या भागात जाते आणि पाठीकडचा भाग मिटू लागतो. रुग्णाची माफक ओढ तो भाग उघडा ठेवण्यास मदत करते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांबाबतही वैद्यकशास्त्राचे मत एका जागी राहिलेले नाही : २०१० सालच्या फ्रेंच चाचणीत गंभीर एआरडीएसमध्ये सुरुवातीचे ४८ तास असे औषध दिल्याने फायदा दिसला, २०१९ सालच्या सुमारे हजार रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत तो दिसला नाही. त्यामुळे हे सरसकट सगळ्यांना देण्याचे औषध राहिलेले नाही.

रक्ताभिसरणाचा प्रश्नही याच दाबांशी जोडलेला आहे. छातीतला दाब वाढला, की शरीराकडून उजव्या हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. नळी घालून नियंत्रित व्हेंटिलेशन सुरू करताच रक्तदाब का कोसळतो, याचे एक कारण हे आहे आणि रुग्णात द्रव कमी असेल तर ते ठळकपणे दिसते. रुग्ण स्वतः ओढू लागला की हा परतीचा ओघ सुधारतो. डावे हृदय कमकुवत असलेल्या रुग्णात मात्र हीच गोष्ट अंगावर येते : परतणारे रक्त वाढते, त्याच वेळी छातीतल्या घटलेल्या दाबाविरुद्ध हृदयाला अधिक जोर लावावा लागतो आणि आधार कमी केल्यावर अर्ध्या तासात फुप्फुसांत पाणी भरू शकते.

दीर्घकालीन श्वसनमार्ग अडथळ्याच्या रुग्णाचे गणित वेगळे असते, त्याचा येथे ओझरता उल्लेख करतो. तिथे हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो, आत दाब साठून राहतो आणि यंत्राला ट्रिगर करण्याआधी रुग्णाला तो साठलेला दाब पार करावा लागतो. अशा रुग्णाची छाती हलते, पण यंत्र प्रतिसाद देत नाही. त्याची छाती पाहून मोजलेला श्वासांचा दर पडद्यावरच्या दरापेक्षा जास्त भरतो.

तुमच्या रुग्णाकडे परत येऊ. डॉक्टरांसमोर काही पर्याय होते. सपोर्ट १२ वरून कमी करता आला असता; पण श्वासाची मागणी जास्त असेल तर रुग्ण ती तूट स्वतःच्या ओढीने भरून काढतो आणि बेरीज तेवढीच राहते. एका रात्रीपुरते सिडेशन वाढवून व्हॉल्यूम पुन्हा ६ मिली प्रतिकिलोवर आणणे हा मला समंजस निर्णय वाटतो, कारण लवचीकतेचा आकडा तसाच होता, म्हणजे फुप्फुसे अजून तयार नव्हती. घाईत का होईना, दोन वाक्यांत त्यांनी तुम्हाला हे सांगायला हवे होते, असे मात्र वाटते.

सिडेशन वाढवण्यापूर्वी पाहण्याच्या काही गोष्टी परिचारिकेच्या हातात असतात. ताप, वेदना, भरलेले मूत्राशय, नळीत साठलेला कफ, रक्तातील वाढलेले आम्ल, नुसती भीती : यांपैकी कोणतीही गोष्ट श्वासाची मागणी वाढवू शकते आणि ती दूर झाल्यावर कित्येकदा औषधाची गरजच उरत नाही. व्हेंटिलेटरच्या नळ्यांत पाणी साचून ते हलत असेल, तर यंत्र रुग्णाने न मागितलेले श्वास देऊ लागते. ते आधी काढून टाका. औषधांतही फरक आहे. ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामक) गटातील औषधे मुख्यतः श्वासांचा दर उतरवतात, प्रत्येक श्वासामागचा जोर तसाच राहू शकतो. प्रोपोफॉल हे गुंगीचे औषध जोर कमी करते. त्यामुळे दर ३४ वरून १८ वर आला म्हणून निश्चिंत होऊ नका, त्याच वेळी टायडल व्हॉल्यूम किती आहे तेही पाहा.

नोंदवहीत अशा रुग्णासाठी दाबाच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहिण्याची सवय लावून घ्या : रुग्ण स्वतः ओढतो आहे की नाही, टायडल व्हॉल्यूम अपेक्षित वजनाच्या किलोमागे किती येते आणि मान व गळ्याचे स्नायू श्वासागणिक आवळले जात आहेत का. 'पीक प्रेशर २०' या नोंदीतून फारच थोडे कळते. 'पीक प्रेशर २०, स्वतःची ओढ आहे, ८ मिली प्रतिकिलो, मानेचे स्नायू आवळतात' एवढे वाचून कोणताही जाणता डॉक्टर होल्डचे बटण दाबायला उठेल. ते बटण स्वतः दाबावे की नाही, हे तुमच्या विभागाच्या नियमांवर अवलंबून आहे. आधी वरिष्ठांसमोर ते करून पाहा आणि परवानगी घ्या.

शेवटी अलार्मविषयी. व्हॉल्यूम कंट्रोलवरच्या रुग्णाला उच्च दाबाचा अलार्म पहारा देतो. प्रेशर सपोर्टवर रुग्णाने कितीही जोर लावून ओढले तरी त्या ओढीने हा अलार्म वाजत नाही, कारण यंत्राचा दाब ठरलेल्या पातळीवरच राहतो. तो वाजलाच तर खोकला, कफ किंवा नळीतला अडथळा यांमुळे. पद्धत बदलली की अलार्मच्या मर्यादाही त्याच वेळी बदलून घ्या आणि जास्त टायडल व्हॉल्यूमचा, तसेच जास्त मिनिट व्हॉल्यूमचा (मिनिटभरातल्या एकूण हवेचा) अलार्म रुग्णाच्या उंचीला साजेल असा ठेवण्यास डॉक्टरांना सांगा. बहुतेक यंत्रांवर या मर्यादा मुळात इतक्या सैल ठेवलेल्या असतात, की ८४० मिलीचा श्वासही त्यांतून बिनबोभाट निघून जातो.